पिट्सबर्ग ते कंबरलँड: पहिल्यांदा जाताना

रोड बाइक, म्हणजे पातळ टायरची सायकल, घरीच ठेव. ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज या अमेरिकेतल्या सायकलच्या आणि पायी जायच्या वाटेवर बहुतेक ठिकाणी चुनखडीची बारीक कच आहे. पावसानंतर ती पिठासारखी चेनला चिकटते, म्हणून रुंद टायर आणि मडगार्ड हवेतच. वाट जुन्या रेल्वेलाइनवरची, त्यामुळे चढ सौम्य. पण कंबरलँडकडून निघालास तर पहिले ३८ किलोमीटर चढणच. पिट्सबर्गकडूनच निघ. आणि सगळे २४० किलोमीटर रेटत सुटू नकोस बाबा, होमस्टेडला उतर. पोलाद कामगारांच्या १८९२ च्या संपाचं हे गाव. पोलादाचा कारखाना गेला, विटांची धुराडी तेवढी दुकानांच्या पार्किंगशेजारी उभी आहेत. वाटेतला बिग सॅव्हेज बोगदा हिवाळ्यात बंद असतो, तारखा आधी बघ. नुसतं चालायचं असेल तर वाटेवरचं ओहायोपाइल गाव गाठ, तिथं नदी सोबतीला असते.