पाळलेला रिंगनेक पोपट अचानक चावू लागला, तर त्याला परत द्यावे का?

आपण लिहिले आहे की, हाताने भरवून वाढवलेले सुमारे पाच महिन्यांचे रिंगनेकचे पिल्लू आपण घरी आणले, सुरुवातीला ते निःशंकपणे बोटावर येऊन बसत असे, आणि आता मात्र पिंजऱ्यात हात गेला की फुत्कारते व चावा घेते. पक्षी बिघडला असे समजून तो परत करावा की त्याला जोडीदार आणावा, असे आपण विचारले आहे. माझ्या मते यांपैकी काहीही करू नये. पक्षी बिघडलेला नाही, तो मोठा होत आहे.

आपण भारताबाहेर राहता आणि पक्षी पैदासकाराकडून रीतसर घेतला आहे, असे आपण नमूद केले आहे, म्हणूनच पुढचे लिहितो. भारतातील वाचकांसाठी एवढेच सांगतो की, हा तेथील रानपक्षी असल्यामुळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला पकडणे, विकणे किंवा पिंजऱ्यात बाळगणे गुन्हा आहे. तो सर्रास पाळलेला दिसतो, म्हणून तो गुन्हा ठरत नाही असे नव्हे.

आता मूळ मुद्दा. साधारण चौथ्या महिन्यापासून वर्षाच्या आतबाहेर केव्हातरी बरेच रिंगनेक अशा टप्प्यातून जातात आणि अनुभवी पाळणारे त्याला ‘ब्लफिंग’, म्हणजे खोटा धाक दाखवणे, म्हणतात. रानातील पिल्लू या वयापर्यंत आईबापांच्या भरवण्यातून सुटलेले असते आणि थव्यात स्वतःची जागा राखायला शिकत असते. घरातील पिल्लूही तेच करते, फक्त समोर थवा नसून आपला हात असतो. मान पुढे काढणे, फुत्कारणे, चोच आपटणे यांत बराचसा भाग दरडावणीचा असतो आणि समोरचा काय करतो हे पक्षी बारकाईने पाहत असतो. कुणात हे काही आठवड्यांत ओसरते, कुणात काही महिने चालते, तर काही पक्ष्यांत ते जवळजवळ जाणवतही नाही. दुर्दैव असे की नेमक्या याच वयात कित्येक रिंगनेक दुसऱ्याच्या गळ्यात घातले जातात आणि ‘चावरा’ हा शिक्का त्यांच्याबरोबर नव्या घरी जातो.

या काळात दोन सल्ले हमखास दिले जातात आणि मला दोन्ही पटत नाहीत. पहिला असा की, जाड हातमोजे घालून पक्ष्याला पकडावे, म्हणजे मालक कोण हे त्याला कळेल. त्याला कळते ते इतकेच की हात ही भिण्यासारखी वस्तू आहे. दुसरा असा की, काही दिवस त्याच्याकडे पूर्ण दुर्लक्ष करावे. त्यामुळे बोट वाचते, परंतु जवळीक आहे तीही आटते. या दोहोंच्या मधली वाट अशी की, पक्ष्याजवळ रोज बसावे, बोलावे, पण हात पुढे करण्याआधी त्याच्या अंगाकडे पाहावे. डोळ्याची बाहुली झपाझप लहानमोठी होत असेल, मानेवरची पिसे फुललेली असतील, शेपूट पंख्यासारखे पसरले असेल आणि शरीर पुढे ताणलेले असेल, तर हात मागे ठेवावा. बाहुलीची हालचाल आनंदाच्या भरातही होते, म्हणून एकट्या डोळ्यावरून निष्कर्ष काढू नये.

ज्याने मला सर्वांत अधिक उपयोग झाला, तो काडीचा सराव. एका काडीचे टोक पिंजऱ्याबाहेरून दाखवावे, पक्ष्याने त्याला चोच लावली की त्याच क्षणी शाबासकीचा एक ठरावीक शब्द उच्चारावा आणि सूर्यफुलाची एक बी द्यावी. काडीमागे चालत येणे, नंतर दांडीवरून हातावर येणे, आणि मनात नसेल तेव्हा न येणे, या सगळ्यांत निवड पक्ष्याची राहते. ‘नाही’ म्हणण्यासाठी चावण्याची गरज उरली नाही की चावणे कमी होते. सत्र अगदी थोड्या मिनिटांचे असावे आणि पक्षी कंटाळण्यापूर्वी संपवावे. सूर्यफुलाची बी एरवीच्या खाण्यातून काढून फक्त या कामासाठी ठेवावी, नाहीतर तिची किंमत राहत नाही. मध्येच चावा बसलाच तर ओरडू नये आणि हात झटकू नये, कारण तो आरडाओरडा पक्ष्याला चांगलाच रंजक वाटतो. हात स्थिर ठेवून त्याला शांतपणे दांडीवर उतरवावे.

यासोबत अपेक्षाही तपासून पाहावी. काकाकुव्याप्रमाणे डोके खाजवून घेणारा, कुशीत शिरणारा पक्षी आपल्याला हवा असेल, तर बहुतेक रिंगनेक तसे नसतात. या जातीत मादी वरचढ असते आणि विणीचा काळ सोडला तर नराला ती चोचीच्या अंतरावरच ठेवते. अशा पक्ष्याने आपल्या खांद्यावर बसून, कुणी हात न लावता, पिसे साफ करत राहणे ही त्याच्या परीने मोठी सलगी आहे. आपला पक्षी नर आहे की मादी हे मात्र आत्ता दिसण्यावरून कळणार नाही. नराच्या गळ्यातील काळा-गुलाबी कंठ साधारण दीड ते तीन वर्षांच्या वयात उमटतो. त्याआधी जाणून घ्यायचे असल्यास पिसांवरून डीएनए तपासणी करता येते.

पहिल्या शतकातल्या एका रोमन ग्रंथकाराने भारतातून येणाऱ्या, हिरव्या अंगाच्या आणि मानेभोवती लाल वलय असलेल्या बोलक्या पक्ष्याचे वर्णन केले आहे आणि त्याला बोलायला शिकवताना लोखंडी कांबीने मारावे लागते, असेही लिहिले आहे. हातमोज्यांचा सल्ला त्याच परंपरेतला वाटतो. प्रत्यक्षात नर आणि मादी दोघेही केवळ ऐकून बोलू लागतात. बरेच पक्षी वर्षभराचे होईपर्यंत काही बोलत नाहीत, म्हणून घाई करू नये.

चाव्यामागे वयाखेरीज इतरही कारणे असू शकतात. पहिले कारण झोप: रात्री दहा ते बारा तास अंधार आणि शांतता मिळाली नाही की हा पक्षी चिडचिडा होतो. दुसरे, अडचणीची जागा. रिंगनेक शेपटीसह सुमारे चाळीस सेंटिमीटर लांब असतो, तेव्हा पिंजरा उंचीपेक्षा रुंदीला मोठा हवा, शेपूट गजांना घासू नये आणि आतल्या दांड्या वेगवेगळ्या जाडीच्या असाव्यात. कुरतडायला लाकूड आणि पुठ्ठा द्यावा आणि रोज काही वेळ बंद खोलीत उडू द्यावे. पक्षी सांभाळायला सोपा व्हावा म्हणून पंख कापण्याच्या मी विरोधात आहे, कारण ज्याला उडून दूर जाता येत नाही, त्याच्याकडे चोचीखेरीज उपाय उरत नाही.

तिसरे कारण आहार. नुसत्या बियांवर वाढलेल्या पोपटाला ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडते आणि चरबी वाढते. पेलेट (पक्ष्यांसाठी तयार केलेले गोळीखाद्य), गाजर, पालेभाज्या आणि थोडी फळे असा आहार असावा, अॅव्होकाडो आणि चॉकलेट मात्र कधीच देऊ नये. नॉनस्टिक भांडे जास्त तापले की निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकतो, म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात नको.

चावण्यासोबत पक्षी फुगून बसत असेल, विष्ठा बदलली असेल किंवा श्वास घेताना शेपूट वरखाली होत असेल, तर वागणुकीचा विचार बाजूला ठेवून पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवावे. पोपट आजार शेवटपर्यंत लपवतो. दर आठवड्याला ग्रॅमच्या काट्यावर वजन घेतल्यास डोळ्यांआधी तो काटा सांगतो. वजनात दहा टक्के घट झाली तर वाट पाहू नये.

राहिला जोडीदाराचा प्रश्न. दुसरा पक्षी आणल्याने चावणे थांबत नाही. उलट दोघांचे जमले तर आपल्याशी नुकतेच जुळू लागलेले नाते मागे पडते, आणि न जमल्यास, विशेषतः दोन्ही माद्या निघाल्या तर, गंभीर मारामारी होते. पक्षी मोठा होऊन स्थिरावल्यावर आणि नर-मादी खात्रीने कळल्यावरच हा विचार करावा. तेव्हाही नवा पक्षी किमान महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवावा आणि चोच-पिसांच्या विषाणूजन्य रोगाची व सिटॅकोसिसची (पोपटांमध्ये आढळणाऱ्या एका जिवाणूजन्य आजाराची) तपासणी आधी करून घ्यावी. यांपैकी दुसरा आजार माणसालाही होतो.