मुलं पळवाट काढणारच, मग सोशल मीडियाबंदीच्या कायद्याला लोकांचा एवढा पाठिंबा का?

तुम्ही विचारलंय की ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडिया बंद केला, पाठोपाठ इतर देशही रांगेत उभे राहिले. पण गंमत अशी की "हे काही चालायचं नाही" म्हणणारे लोकच त्याला पाठिंबाही देतात. हा काय प्रकार आहे?

मी त्याच लोकांपैकी एक. त्यामुळे आतली गोष्ट सांगू शकते.

आधी कबुली देऊन टाकते. माझी मुलगी दहा वर्षांची असताना तिला चित्रकलेचे व्हिडिओ बघायचे होते, म्हणून खातं मीच उघडून दिलं. १३ पूर्ण नसतील तर पुढे जाऊ देत नाहीत, म्हणून जन्मसालाची ती चकती अंगठ्याने जोरात फिरवली आणि जिथे थांबली तिथे 'पुढे' दाबलं. १९९४. त्या क्षणापासून कंपनीच्या दप्तरी माझी लेक माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची झाली. मग तिला गृहकर्जाच्या, केसगळतीच्या आणि गरोदरपणातल्या व्यायामाच्या जाहिराती दिसायला लागल्या. एका संध्याकाळी या अकरा वर्षांच्या मुलीने मला विचारलं, "आई, फ्लोटिंग रेट म्हणजे काय गं?"

तो १३ चा आकडाही कुणी मुलांच्या मनाचा अभ्यास करून काढलेला नाही. १९९८ साली अमेरिकेत कायदा झाला की १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करायची नाही. संमती गोळा करत बसण्यापेक्षा "१३ खालच्यांना प्रवेश नाही" अशी पाटी लावणं कंपन्यांना सोपं पडलं, आणि पाटीकडे दुर्लक्ष करणं आम्हा पालकांना सोपं पडलं. म्हणजे पळवाट मुलं काढतात हे अर्धंच खरं. माझ्या घरात ती मी काढून दिली होती.

आता ऑस्ट्रेलियाचा कायदा थोडक्यात. नोव्हेंबर २०२४ मध्ये संसदेत मंजूर झाला आणि १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. सुरुवातीच्या यादीत फेसबुक, इन्स्टाग्राम, थ्रेड्स, टिकटॉक, स्नॅपचॅट, एक्स, यूट्यूब, रेडिट, ट्विच आणि किक अशी दहा नावं. इथे १६ च्या आतल्या मुलाचं खातं असता कामा नये. असलं तर मुलाला शिक्षा नाही, आईबापालाही नाही. ते रोखायला वाजवी पावलं उचलली नाहीत तर दंड कंपनीला, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. आणि यात पालकांची परवानगी चालत नाही. आईने लाख "हो" म्हटलं तरी खातं नाही.

या शेवटच्या वाक्यावरून लोक भराभर पुढे जातात. माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

मुलगी सातवीत असताना तिच्याकडे स्वतःचा फोन नव्हता. चित्रकलेचे व्हिडिओ माझ्याच फोनवर, माझ्या नजरेसमोर चालायचे. "सगळ्यांकडे आहे" हे रोजचं पालुपद. एकदा वैतागून म्हटलं, सगळ्यांकडे म्हणजे किती जणांकडे ते दाखव. तिने वहीचं मागचं पान काढलं, हजेरीपटासारखी अख्ख्या वर्गाची नावं खाली खाली लिहिली आणि ज्यांच्याकडे फोन आणि खातं दोन्ही आहे त्यांच्यापुढे बरोबरची खूण केली. ३१ पैकी २८. उरले तीन: ती स्वतः, नुकताच दुसऱ्या शाळेतून आलेला एक मुलगा आणि एक मुलगी, जिचे आईवडील "असेच" आहेत. "असेच" हा शब्द तिने माझ्याकडे न बघता वापरला.

आठवड्याभरात फोन घेतला.

पुढच्या पालकसभेनंतर चपला घालता घालता दोन-चार आयांना सहज विचारलं, तुम्ही का दिला हो? प्रत्येकीचं उत्तर एकच: "आमची एकटीच राहिली असती." मनापासून द्यायचा होता अशी एकही भेटली नाही. मी त्यांच्याकडे बघून नमले होते, त्या माझ्यासारख्यांकडे बघून. एकटीने "नाही" म्हणायची किंमत आपली मुलगी मोजते, आणि सगळ्यांनी मिळून "नाही" म्हणायचं तर पहिलं कोण म्हणणार?

पालकांच्या संमतीवर चालणारा कायदा हे भांडण माझ्याच जेवणाच्या टेबलावर आणून ठेवतो. डेन्मार्कने १५ चं वय ठरवलं तेव्हा १३ पासून पालकांना सूट देता यावी अशी सोय ठेवायचं घाटलं. कागदावर हे फार शहाणपणाचं वाटतं. प्रत्यक्षात पहिल्या पंधरवड्यात दहा घरं सूट देतील आणि महिन्याभरात वहीचं ते पान पुन्हा खुणांनी भरेल. ऑस्ट्रेलियाचा कायदा आईला म्हणायची सोय देतो, "माझ्या हातात नाही बाळा, कायदा आहे." भित्रेपणाचं वाक्य आहे, कबूल. पण फार कामाचं आहे.

यूगव्ह या सर्वेक्षण कंपनीच्या नोव्हेंबर २०२४ च्या पाहणीत ७७ टक्के ऑस्ट्रेलियन लोक बंदीच्या बाजूने होते. कायदा चालेल का, असं विचारलं की मात्र तिथलेही लोक चाचरतात. मला यात विसंगती दिसत नाही. लोकांना भोकं नसलेली भिंत नकोच आहे, २८ खुणांच्या ८ झाल्या तरी पुरे आहे. ज्या प्रांतातून या कायद्याला जोर मिळाला, त्या दक्षिण ऑस्ट्रेलियाचे प्रीमियर (आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यांसारखे) पीटर मॅलिनॉस्कस यांनी सुरुवात कशी झाली ते स्वतः सांगितलंय: बायको मुलांवर होणाऱ्या परिणामांबद्दलचं एक पुस्तक वाचत होती, ते मिटून म्हणाली, तू याबद्दल काहीतरी केलंच पाहिजेस. कायद्याचा उगम असा घरातला असला की घराघरात तो पटणारच.

आता विरोधकांचं. त्यांना एकाच टोपलीत टाकू नका, त्यांची दुखणी वेगवेगळी आहेत.

मुलांचं दुखणं सरळ आहे: आम्हाला कुणी विचारलंच नाही. कायदा लागू झाल्यावर पंतप्रधान अँथनी अल्बानीज यांच्या टिकटॉकवर पोरांनी "मी अजून इथेच आहे" अशा प्रतिक्रियांचा पाऊस पाडला. मतदानाचं वय होऊ दे मग बघतो, असंही काहींनी ऐकवलं. आईचा फोटो कॅमेऱ्यासमोर धरून पाच मिनिटांत चेहऱ्याची तपासणी पार केलेल्या तेरा वर्षांच्या मुलीची बातमी आली. पंधरा वर्षांची दोन मुलं तर थेट तिथल्या उच्चतम न्यायालयात गेली, राजकीय मत मांडायचा आमचा हक्क जातोय म्हणून. मला ही मुलं आवडली. सोशल मीडियाने यांचं डोकं रिकामं केलं म्हणायची पंचाईत झाली ना!

दुसरा विरोध मोठ्यांचा, आणि तो मला जास्त टोचतो. कोण १६ च्या आत आहे हे शोधायचं तर १६ च्या वरच्यांनाही तपासावं लागतं. चोर सोडून संन्याशाला सुळी. ऑस्ट्रेलियाने नियम केलाय की सरकारी ओळखपत्र हा एकमेव मार्ग ठेवायचा नाही, दुसरा पर्याय द्यायचा. म्हणून चेहऱ्यावरून वयाचा अंदाज, नाहीतर वागण्यावरून अंदाज. वाढदिवसाला मैत्रिणींनी "१३ व्या वाढदिवसाच्या शुभेच्छा" असं लिहिलं की यंत्राला वास लागतो. चेहऱ्याचा अंदाज चाळिशीच्या माणसाला ओळखतो, पण नेमका १५ आणि १७ मध्ये गडबडतो, म्हणजे जिथे गरज आहे तिथेच. ब्रिटनमध्ये जुलै २०२५ पासून प्रौढांसाठीच्या मजकुरावर वयाची तपासणी सुरू झाली, तेव्हा व्हीपीएनची, म्हणजे आपण कुठल्या देशातून इंटरनेट वापरतोय ते लपवणारी, ॲप डाउनलोडच्या यादीत एकदम वर चढली आणि तो कायदा रद्द करा म्हणणाऱ्या याचिकेवर चार लाखांहून जास्त सह्या पडल्या. या सगळ्या सह्या कंपन्यांच्या हस्तकांच्या होत्या असं म्हणणं हा आळस आहे.

तिसरा विरोध ऐकून मात्र मी गप्प बसले. ब्रिटनचे इयन रसेल. त्यांची मुलगी मॉली २०१७ मध्ये गेली, चौदा वर्षांची होती. २०२२ मध्ये मृत्यूच्या चौकशीत अधिकाऱ्याने नोंदवलं की ऑनलाइन मजकुराचा तिच्या मृत्यूत किरकोळ म्हणता येणार नाही इतका वाटा होता. या माणसाने सरसकट बंदीची मागणी सगळ्यांत आधी करावी असं कुणालाही वाटेल. ते विरोध करतात. कंपन्यांना त्यांची रचना बदलायला भाग पाडा, मुलांना नुसतं बाहेर काढून काय होणार, असं त्यांचं म्हणणं. आणि त्याच देशात इस्थर घे नावाच्या आई आहेत, ज्यांची सोळा वर्षांची मुलगी ब्रियाना २०२३ मध्ये मारली गेली, त्या बंदीच्या बाजूने उभ्या आहेत. पोटचं मूल गमावलेले दोन पालक दोन बाजूंना. तेव्हापासून "ज्याचं जळतं त्याला कळतं" हे वाक्य या वादात वापरणं मी सोडून दिलंय.

रसेल यांच्या मुद्द्यात तथ्य किती आहे ते यूट्यूबच्या उदाहरणावरून कळतं. खातं काढलं तरी लॉगिन न करता व्हिडिओ दिसतातच. पण पालकांनी लावलेली बंधनं खात्याला जोडलेली असतात. खातं गेलं की तीही गेली. कंपनीने हे स्वतःच्या बचावासाठी मांडलं हे उघड आहे, तरी म्हणून ते खोटं ठरत नाही.

आणखी एक. माझ्या मुलीला आजवर सगळ्यांत जास्त रडवलं ते रील्सनी नाही. मुलींनी मेसेजिंग ॲपवर वर्गाचा एक ग्रुप काढला, ३० जणांचा. वर्ग ३१ चा. कोण बाहेर होतं ते सांगायला नको. तसली मेसेजिंगची ॲप ऑस्ट्रेलियाच्या बंदीत येतच नाहीत. उलट अपंग मुलं, आडगावातली मुलं, घरात ज्यांना कुणी समजून घेत नाही अशी मुलं, ज्यांची खरी सोबत दूरच्या अनोळखी मित्रांत असते, त्यांची दारं आधी बंद होतात. बंदीच्या बाजूचे लोक यावर "अपवाद असतातच" म्हणून पुढे जातात, तेव्हा मला राग येतो. त्यांच्या बाजूची असूनही.

कंपन्यांच्या विरोधाबद्दल फार लिहीत नाही, धंदा बुडतो म्हटल्यावर कोण ओरडत नाही.

मग यश-अपयश मोजायचं कसं? जानेवारी २०२६ मध्ये तिथल्या सरकारने सांगितलं की सुमारे ४७ लाख खाती बंद झाली. आकडा भारदस्त आहे, पण खाती म्हणजे मुलं नव्हेत. एकाच पोराची चार ठिकाणी चार खाती असतात, काही धूळ खात पडलेली. आणि माझ्या मुलीसारखी किती, जी कंपनीच्या हिशेबाने बत्तिशीला पोहोचली आहेत?

दक्षिण कोरियाचा अनुभव इथे आठवतो. २०११ मध्ये त्यांनी १६ वर्षांखालच्या मुलांना रात्री १२ ते सकाळी ६ ऑनलाइन गेम खेळायला बंदी केली. मुलांनी आईबापांचे नागरिक क्रमांक टाकून खेळणं चालू ठेवलं. दरम्यान खेळ संगणकावरून मोबाइलवर गेला आणि कायदा राहिला संगणकापाशी. २०२१ मध्ये सरकारने तो गुंडाळायचं ठरवलं. तिथे ना पालकांची एकी झाली, ना कंपन्यांचं काही अडलं. दहा वर्षं नुसता कायदा होता.

तुम्ही शेवटी विचारलंय की तुमच्यासमोर असा कायदा मतदानाला आला तर काय कराल. हो म्हणेन. पण पालकांची संमती हा दरवाजा ठेवला असेल तर नाही म्हणेन, कारण त्यातून पहिली घुसणारी मीच असेन हे मला ठाऊक आहे. आणि वय तपासून झाल्यावर चेहऱ्याचे फोटो पुसून टाकले की नाही हे तपासायला कंपनीबाहेरचं कुणी नेमलं नसेल तरी नाही म्हणेन.

ऑस्ट्रेलियाच्या कायद्यातच दोन वर्षांच्या आत स्वतंत्र आढावा घ्यायचं कलम आहे. त्यात किती खाती गेली, किती दंड झाला हे सगळं येईलच. मला त्यात एकच आकडा शोधायचाय: सातवीच्या एखाद्या वर्गात, वहीच्या मागच्या पानावर, ३१ पैकी किती खुणा उरल्या.