दोन सर्व्हरवर एकच सॅन (नेटवर्कवरच्या सामायिक स्टोरेजची) डिस्क: कर्नलमध्ये काय चालू करायचं?

आधी एक सांगतो, दोन्ही सर्व्हरवर तीच डिस्क एक्स्ट४ ने (लिनक्सची नेहमीची, एकाच सर्व्हरसाठीची फाइल सिस्टिम) एकाच वेळी माउंट केली, म्हणजे वापरायला जोडली असेल तर आत्ताच्या आत्ता अनमाउंट करा, दोघांना एकमेकांच्या कॅशेचा पत्ता नसतो त्यामुळे डेटा खराब होणारच. ओसीएफएस२ वापरा, ही अनेक सर्व्हरनी एकच डिस्क एकाच वेळी वापरण्यासाठीची फाइल सिस्टिम, लिनक्स कर्नलमध्ये २.६.१६ पासून आहे. मेन्यूकॉन्फिगमध्ये (कर्नलचे पर्याय निवडायचा मेन्यू) फाइल सिस्टिम्सखाली ओसीएफएस२ आणि त्याच्याच आतलं ओ२सीबी क्लस्टरिंग (सर्व्हरांचा आपसातला ताळमेळ ठेवणारा भाग) दोन्ही मॉड्यूल म्हणून घ्या. मग क्लस्टर डॉट कॉन्फ ही क्लस्टरच्या सेटिंगची फाइल दोन्हीकडे अगदी सेम ठेवा, त्यातलं नोडचं (म्हणजे प्रत्येक सर्व्हरचं) नाव होस्टनेमशी जुळलंच पाहिजे, बरेच जण इथेच अडकतात, आणि फायरवॉलमध्ये टीसीपी ७७७७ पोर्ट उघडा. फॉरमॅट मात्र एकाच नोडवरून, नोड स्लॉट (एकाच वेळी किती सर्व्हर डिस्क माउंट करू शकतील तो आकडा) थोडे जास्तच ठेवून.