'सर्वांचा सेवक' की 'सर्वांचा दास'?

नाशिकरोडहून एका वाचकाने विचारलं आहे: मंडळीच्या (चर्चच्या) पत्रिकेवर बायबलमधलं 'सर्वांचा दास' हे वचन, मार्क 10:44, छापायचं आहे. 'दास' जुनाट वाटतो, तर 'सर्वांचा सेवक' केलं तर चालेल ना? अर्थ तोच आहे.

अर्थ तोच नाही. 'सेवक' आधीच्याच वचनात, 43मध्ये, येऊन गेला आहे. मोठं व्हायचं असेल त्याने सेवक व्हावं आणि पहिलं व्हायचं असेल त्याने सर्वांचा दास, अशी ती चढती मागणी आहे. मूळ ग्रीकमध्येही शब्द दोन आहेत. 'दियाकोनोस' म्हणजे पंगतीत वाढणारा, सांगितलं काम करणारा. 'दूलोस' म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचा गुलाम.

मराठी समासांत हा फरक सुरेख टिकला आहे. ग्रामसेवक, शिक्षणसेवक, समाजसेवक: 'सेवक'च्या आधी येतं कामाचं क्षेत्र. रामदास, हरिदास: 'दास'च्या आधी येतो धनी. नोट प्रेसमधला माणूस वय झालं की सेवानिवृत्त होतो. दास्यातून निवृत्ती नसते, सुटका असते.

आता खरी अडचण. आपल्या नाशिकजवळच्या टाकळीला समर्थ रामदासांनी तपश्चर्या केली. त्या परंपरेमुळे 'दास' कानाला गोड लागतो, भक्त असाच ऐकू येतो. देवाचा दास होण्यात मानच आहे. पण मार्कमध्ये धनी देव नाही, 'सर्व' आहेत. शेजारी, भाऊबंद, आपल्याशी न बोलणारेसुद्धा. त्या वचनाची सगळी धार इथे आहे, आणि 'सेवक' घातलं की ती जाते.

नाशिकला हा शब्द नुसता पुस्तकातून कळलेला नाही. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं ख्रिस्ती मिशनच्या शरणपूर वस्तीत राहिली, शिकली. जेकब वेनराइट त्यांतलाच. 1873मध्ये मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला, तेव्हा वेनराइट त्याच्या सोबत्यांत होता. देह तिथेच पुरून सोबत्यांना मोकळं होता आलं असतं. त्यांनी तो कित्येक महिने चालत किनाऱ्यापर्यंत नेला. वेनराइट पुढे देहाबरोबर इंग्लंडला गेला आणि 1874मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्ययात्रेत मानाने शवपेटीबरोबर चालला. गुलामीतून सुटलेल्या माणसाने आपणहून दुसऱ्याचा भार उचलला! 'सर्वांचा दास' म्हणजे काय, हे मला यापेक्षा नीट सांगता येणार नाही.

आणखी एक. आपल्या मंडळ्यांत 'देवाचे सेवक आलेत' म्हटलं की पाळकसाहेब आले असं समजतात. शब्द आदराचा झाला आहे, त्यात वावगं काही नाही. पण त्यामुळे पत्रिकेवरचं 'सर्वांचा सेवक' हे पदासारखं वाचलं जाईल.

तेव्हा वचनात 'दास'च ठेवा. मागच्या पानावर वाढपी, सतरंज्या घालणारे, झाडलोट करणारे यांची नावं देणार असाल, तर त्यावर 'सेवक' अगदी योग्य. बायबलमधलं फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेलं पत्र, फिलिप्पै 1:1, उघडून पाहा: पौल स्वतःला आणि तीमथ्याला ख्रिस्त येशूचे दास म्हणतो, आणि त्याच वाक्यात मंडळीचं काम पाहणाऱ्यांना सेवक.