हिवाळी पाण्यात उतरण्यापूर्वी

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

गोठवणाऱ्या पाण्यात डायव्हिंग करून एवढे काय पाहायला मिळते, असे तू विचारले आहेस. प्रश्न रास्त आहे, कारण रंगीत मासे आणि प्रवाळ हेच पाहायचे असतील तर उबदार समुद्र केव्हाही बरा. थंड पाण्यात पाहायचे असते ते मुख्यतः पाणीच. हिवाळ्यात उजेड आणि ऊब ओसरली की पाणी गढूळ करणाऱ्या सूक्ष्म शैवालाची वाढ मंदावते आणि उन्हाळ्यात हिरवट धुक्यात बुडालेले तळे आरपार दिसू लागते. आइसलंडमधील सिल्फ्रा ही भेग तर बारमाही २ ते ४ अंश सेल्सिअस तापमानाची आहे. लांगयोकुल हिमनदीचे वितळलेले पाणी लाव्हाच्या थरांतून अनेक दशके झिरपत तिथे पोहोचते आणि त्यात १०० मीटरपर्यंतचे दिसते. उत्तर अमेरिकी आणि युरेशियन भूपट्ट जिथे एकमेकांपासून दूर सरकत आहेत, त्या फटीत तरंगताना पहिले काही क्षण पाण्याचे अस्तित्वच जाणवत नाही आणि आपण उंचावरून पडतो आहोत असे वाटते.

बर्फाखालचा अनुभव याहून वेगळा असतो. गोडे पाणी ४ अंशांना सर्वांत जड असते. म्हणून गोठलेल्या तळ्यात बर्फालगतचे पाणी शून्याजवळ, तर तळाचे त्याहून उबदार असते. खाली जावे तसा मनगटावरच्या उपकरणातला तापमानाचा आकडा वर चढतो, हे पहिल्यांदा पाहताना उपकरण बिघडले की काय असे वाटते. आपण सोडलेला श्वास बर्फाच्या छताला अडकतो, तिथे पाऱ्यासारखा चपटा पसरतो आणि बर्फाच्या उंचसखल पृष्ठभागावरून वाट काढत सर्वांत उंच खळग्याकडे सरकतो. मी तर काही वेळा खालचा तळ सोडून उताणा होऊन तेवढेच पाहत राहिलो आहे.

हे सारे दिसण्यासाठी मन मोकळे असावे लागते आणि थंडी सर्वांत आधी नेमके तेच हिरावून घेते. पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून नेते. कुडकुडणाऱ्या माणसाला आपले कुडकुडणे, हवेचा काटा आणि वर जाण्याची वाट यांपलीकडे काही सुचत नाही. पुढे त्याच्या आठवणीतही एवढेच उरते. म्हणून ‘मला थंडी सोसते’ असे अभिमानाने सांगणाऱ्यांचा सल्ला तू मानू नयेस असे माझे स्पष्ट मत आहे. सोसावे लागले, याचा अर्थ तयारी कमी पडली.

तयारीत पहिला ड्राय सूट, म्हणजे पाणी आत येऊ न देणारा पोशाख. अंग ओले होऊ देणाऱ्या साध्या वेट सूटच्या निओप्रीन या फुगीर रबरातले बुडबुडे दाबाने आकसतात. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो आणि जिथे ऊब सर्वाधिक हवी तिथेच सूट पातळ पडतो. ड्राय सूट कोरडा ठेवतो, परंतु त्यातली हवा खेळती असते. डोके खाली आणि पाय वर गेले की ती पायांकडे धावते आणि माणूस उलटा होऊन वर खेचला जाऊ लागतो. गुडघे छातीशी घेऊन कोलांटी मारणे आणि खांद्यावरच्या व्हॉल्व्हने हवा सोडणे हे इतके अंगवळणी पडले पाहिजे की विचार करावा लागू नये. हा सराव तलावात, उथळ आणि कोमट पाण्यात कर. बर्फ कुठे पळून जात नाही.

दुसरी गोष्ट रेग्युलेटरची, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासाजोगी करून तोंडाशी देणाऱ्या उपकरणाची. सिलिंडरमधली सुमारे २०० बार दाबाची हवा फर्स्ट स्टेजमध्ये, म्हणजे त्याच्या सिलिंडरवर बसवलेल्या भागात, एकदम प्रसरण पावते आणि कमालीची गार होते. आधीच थंड असलेल्या पाण्यात तिथे बर्फ धरतो, झडप उघडी राहते आणि हवा धो-धो वाहू लागते. त्यामुळे पाण्यात तोंड घालण्यापूर्वी रेग्युलेटरमधून श्वास घेऊ नये, सूटमध्ये हवा भरताना बटण थोडे थोडेच दाबावे आणि ते दाबताना त्याच क्षणी श्वास ओढू नये. दोन स्वतंत्र फर्स्ट स्टेज असलेल्या सिलिंडरवरच विश्वास ठेव. एक वाहू लागला की दुसरा तोंडात घ्यायचा, पहिल्याची झडप बंद करायची आणि डाइव्ह तिथेच संपवायची; यात बडीशी, म्हणजे सोबतच्या डायव्हरशी, चर्चा नसते.

हातांचे मात्र सतत ऐक. जाड हातमोज्यांत अंगठ्याने करंगळीला स्पर्श करता येतो का, हे अधूनमधून पाहा. तो जमेनासा झाला की साहित्य अडकवणारे हुकही सुटणार नाहीत, मग काट्यावर कितीही हवा शिल्लक असो. पहिल्या काही डाइव्हना कॅमेरा घेऊ नकोस, हेही याच कारणासाठी. बर्फाखाली जाशील तेव्हा कमरेला दोर, वर तो धरणारा माणूस आणि तयारीत बसलेला दुसरा डायव्हर यांवाचून जाऊ नकोस.

विजेवर तापणाऱ्या जॅकेटविषयी विचारले आहेस. जॅकेट चांगले, पण अमेरिकन नौदलाच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनुसार तळाशी उबदार राहून वर येताना गारठलेल्या डायव्हरला डीकम्प्रेशनच्या आजाराचा, म्हणजे वर येताना शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा, धोका अधिक असतो. शरीर गरम असताना रक्त जास्त खेळते आणि नायट्रोजन जास्त शोषला जातो. गारठल्यावर तो तेवढ्या वेगाने बाहेर पडत नाही. म्हणजे खाली पूर्ण ताकदीने चालवून वर येताना बॅटरी संपणे, ही सर्वांत वाईट मांडणी झाली. खाली मंद आणि वर येताना अधिक, असा क्रम ठेव. बाहेर आल्यावर लगेच कडक गरम पाण्याने अंघोळ करू नकोस. कोरडे कपडे, टोपी आणि काहीतरी कोमट पेय एवढे त्या वेळी पुरते.

ड्राय सूटचा कोर्स कधी सुरू होतो ते कळव. सूट भाड्याचा असेल तर मानेचे आणि मनगटांचे सील आधी घालून पाहा. ते सैल असले तर पाणी आत येईल, आणि मानेला घट्ट असले तर पाण्यात उतरण्याआधीच चक्कर येईल.

तुझा हितचिंतक