लिनक्सवर आय-थ्रीमध्ये (विंडो मांडणारा प्रोग्राम, म्हणजे विंडो मॅनेजर) शिफ्ट-प्रिंटला भाग निवडून स्क्रीनशॉट घेणारं ‘स्क्रॉट -एस’ लावलं तर काहीच होत नाही, टर्मिनलमध्ये मात्र चालतं. असं का? फक्त चालू विंडो टिपायला काय लावू? मित्र म्हणतो हे सगळं सोड आणि ग्नोम डेस्कटॉप घे.

मित्राचं ऐकू नका. कॉन्फिगमधल्या त्या ओळीत ‘बाइंडसिम’च्या लगेच पुढे ‘--रिलीज’ घाला, आय-थ्री रीलोड करा, चालेल.

उत्तर खरं तर एवढंच आहे. पण मित्राचा सल्ला वाचला आणि राहवलं नाही, कारण तोच सल्ला मी २०१६ मध्ये ऐकलाय, आणि चांगल्या मोठ्या आवाजात ऐकलाय.

तेव्हा मी पुण्यात एका छोट्या प्रकाशनासाठी लिब्रेऑफिसचं मराठी पुस्तक करत होते, शाळेतल्या शिक्षकांसाठी. दोनशेच्या वर चित्रं. लॅपटॉप जुना, दोन जीबी रॅमचा. आय-थ्री होतं म्हणून तर रायटर आणि ब्राउझर त्यावर एकत्र उघडे राहायचे. अख्खा स्क्रीन टिपून उपयोग नव्हता. पुस्तकाच्या पानावर तो बसवला की मेन्यूतली अक्षरं वाचता येत नाहीत, काने-मात्रे तर दिसतच नाहीत. म्हणजे भाग निवडूनच चित्र घ्यायचं, आणि नेमकं तेच होत नव्हतं. बटण दाबायचं आणि स्क्रीनकडे बघत बसायचं.

तिथले तांत्रिक बाजू बघणारे सर सगळ्यांसमोर म्हणाले, “अहो, तुमच्या सिस्टिमला एक बटण दाबलेलं कळत नाही. मोबाइलने फोटो काढा, नाहीतर विंडोज टाकून घ्या.” शिक्षकांच्या हातात पडणाऱ्या पुस्तकात स्क्रीनचे मोबाइलने काढलेले फोटो! त्या दिवशी मी काही बोलले नाही.

पहिल्या रात्री कीबोर्डवर संशय घेतला. कोणतं बटण दाबलं ते दाखवणारं एक्सईव्ही चालवून पाहिलं, बटण व्यवस्थित पोचत होतं. दुसऱ्या रात्री स्क्रॉटची एरर एका फाइलमध्ये वळवली, तेव्हा कळलं की त्याला कीबोर्ड ताब्यात घेता येत नाहीये. घेतलाय कोणी मग? तिसऱ्या रात्री कमांडच्या आधी अर्ध्या सेकंदाचा ‘स्लीप’ घातला. कधी चाललं, कधी नाही. बराच वेळ तेच करत राहिल्यावर लक्षात आलं की फरक माझ्या बोटाचा आहे. बोट झटकन उचललं तर चालतं, बटणावर रेंगाळलं तर नाही.

स्क्रीन आणि कीबोर्ड सांभाळणारी एक्स-इलेव्हन ही यंत्रणा १९८७ पासूनची आहे आणि त्यातला हा नियम साधा आहे: कीबोर्ड एका वेळी एकाच प्रोग्रामच्या ताब्यात. शॉर्टकटचं बटण विंडो मॅनेजरने आधीच राखून ठेवलेलं असतं. ते दाबलं की कीबोर्ड त्याच्या हाती जातो आणि बटण सोडेपर्यंत तिथेच राहतो. ‘स्क्रॉट -एस’लाही कीबोर्ड हवा असतो, पण तो सुरू होतो तेव्हा तुमचं बोट अजून बटणावरच असतं. नकार मिळतो, तो मुकाट्याने बंद होतो. पूर्ण स्क्रीन टिपायला कीबोर्ड लागत नाही, म्हणून पूर्ण स्क्रीनचा शॉर्टकट असा अडत नाही. टर्मिनलमध्ये विंडो मॅनेजर मधे पडतच नाही. ‘--रिलीज’ने कमांड बटण सोडल्यावर सुटते. आय-थ्रीच्या स्वतःच्या मार्गदर्शिकेत याच कामासाठी, स्क्रीनशॉटच्याच उदाहरणासह, हे दिलेलं आहे. मी ते तीन रात्री उशिरा वाचलं.

पुढे उघड्या मेन्यूंनी अडवलं. मेन्यू उघडा असताना कीबोर्ड त्या मेन्यूच्या ताब्यात असतो, त्यामुळे शॉर्टकट आय-थ्रीपर्यंत जातच नाही. तिथे ‘--रिलीज’ही कामाचं नाही. कारण आता माहीत होतं म्हणून यावेळी रात्र घालवावी लागली नाही. ‘स्क्रॉट -डी ५’ला वेगळं बटण दिलं, ते दाबून पाच सेकंदांत मेन्यू उघडायचा, नको तो भाग नंतर कापायचा. पुस्तकातली सगळी चित्रं त्याच लॅपटॉपवर निघाली. सर छापील प्रत चाळून म्हणाले, “जमलं म्हणजे.” कसं जमलं ते त्यांनी विचारलं नाही.

फ्लेमशॉट हे स्क्रीनशॉटचं ॲप वाईट नाही. चित्रावर बाण काढायचे असतील तर जरूर घ्या. पण शॉर्टकट का चालत नाही हे न समजता नवं ॲप टाकणं मला पटत नाही, डेस्कटॉप बदलणं तर अजिबात नाही. उद्या कळा आपोआप दाबणाऱ्या एक्सडूटूलची कमांड बटणाला लावाल तेव्हा बोटाचा हाच घोळ पुन्हा समोर येईल. शॉर्टकटसाठी एसएक्सएचकेडी हा वेगळा प्रोग्राम वापरत असाल तर बटणाच्या नावाआधी ॲटचं चिन्ह लावा, परिणाम तोच. डीडब्ल्यूएम या दुसऱ्या विंडो मॅनेजरमध्ये मुळात अशी सोय नाही, तिथे छोटा ‘स्लीप’ घाला आणि बोट लवकर उचला.

चालू विंडोसाठी ‘स्क्रॉट -यू’. मात्र ते ऑल्ट-प्रिंटला लावू नका. ऑल्टसोबत ते बटण बहुतेक कीबोर्डांवर ‘सिस-रिक्वेस्ट’ म्हणून पोचतं आणि तुमची ओळ बरोबर असूनही पडून राहते. मी सुपर-प्रिंट ठेवलंय (सुपर म्हणजे विंडोजच्या चिन्हाचं बटण).

हे सगळं एक्स-इलेव्हनपुरतं. एक्स-इलेव्हनशिवाय चालणारा स्वे हा विंडो मॅनेजर वापरत असाल तर स्क्रॉट विसरा, तिथे भाग निवडायला स्लर्प आणि टिपायला ग्रिम. आणि फाइलच्या नावात फोल्डरचा पत्ता द्या, नाहीतर सगळी चित्रं होममध्ये साचतात. तो फोल्डर मात्र आधी स्वतः तयार करून ठेवा, स्क्रॉट तो करून देत नाही.