पेटंट, वाणाची नोंदणी, जीआय (भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या मालाच्या नावाला मिळणारं संरक्षण) यांचा नवनिर्मितीला आणि व्यापाराला खरंच उपयोग होतो का?

होतो. जालन्याचा बियाणे धंदा बघा. संकरित कपाशीच्या प्लॉटवर दुपारनंतर बाया मादी ओळीतल्या कळ्यांचे पुंकेसर नखानं खुडतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर फुलाचा पराग लावतात. ही झाली नुसती बीजोत्पादनाची मेहनत. मूळ नर-मादी वाण तयार करण्यात त्याआधीच वर्षं गेलेली असतात. ते वाण कुणी उचलले, तर तो तेच बी स्वस्तात विकणार. मग संशोधनात पैसा कोण घालेल?

म्हणून 2001 च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं पिकांच्या नोंदणीकृत वाणाला 15 वर्षांपर्यंत संरक्षण दिलं. शेतकऱ्याचे हात मात्र बांधले नाहीत. घरचं बी राखा, पेरा, शेजाऱ्याला द्या, विकासुद्धा. फक्त त्या वाणाचं लेबल लावून पिशव्या विकायच्या नाहीत. मला हा तोल पटतो.

व्यापारात जीआय कामाला येतो: पैठणी, जालन्याची मोसंबी, बीडचं सीताफळ. पण मानांकन मिळालं म्हणून आपोआप भाव मिळत नाही. बागायतदारानं स्वतः 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंदणी करावी लागते, आणि बहुतेकांचं घोडं तिथंच अडतं.